एसएसपीएक्सच्या मिस्साबद्दलचा तो मेसेज: तारखा बरोबर, अर्थ चुकीचा

आपल्या सोलापूरच्या कॅथलिक ग्रुपांवर परत तो लांबलचक मेसेज फिरायला लागलाय. सार असं, की सोसायटी ऑफ सेंट पायस द टेन्थ म्हणजे एसएसपीएक्सच्या लॅटिन मिस्साला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मुख्य उपासनेला, कॅथलिकांनी बिनधास्त जावं, रोमनीच परवानगी दिलीय, खरी मिस्सा तीच, आपल्या चर्चमधली नवी, म्हणजे बदललेल्या पद्धतीची मिस्सा विश्वासाला घातक, म्हणून जुनी मिळत नसेल तर रविवारी घरी बसून रोझरी म्हणा. खाली सहा मुद्दे आणि 'सर्वांना पाठवा'. यातल्या तारखा बऱ्याचशा बरोबर आहेत आणि घोळ तिथंच होतो, तारीख खरी निघाली की माणूस पुढचं सगळं खरं धरून चालतो.

ज्यांना ही सोसायटी माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० ला स्वित्झर्लंडमध्ये ती काढली, १९७५ ला तिची मान्यता काढून घेतली गेली, १९७६ ला लफेव्र सस्पेंड झाले, आणि ३० जून १९८८ ला एकोनमध्ये त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशपांचा अभिषेक केला. बहिष्काराचं, म्हणजे चर्चनं संस्कार बंद करायच्या शिक्षेचं, सगळं प्रकरण तिथून आलं.

मुद्दा पहिला, '२००९ मध्ये पोप बेनेडिक्टनी बहिष्कार उठवला, म्हणजे सोसायटी आता रेग्युलर'. जानेवारीत बहिष्कार उठवला हे खरं, पण तो त्या चार बिशपांचा, चार माणसांवरची शिक्षा. सोसायटीचं काय, हे बेनेडिक्टनीच त्याच वर्षी १० मार्चला जगभरच्या बिशपांना पत्र लिहून सांगितलं, की सोसायटीला चर्चमध्ये कॅनॉनिकल, म्हणजे चर्चच्या कायद्यातला दर्जा नाही आणि तिचे फादर कायदेशीर सेवा बजावत नाहीत. मेसेजवाल्यानं जानेवारी घेतला आणि मार्च सोडून दिला.

दुसरा, 'पोप फ्रान्सिसनी कन्फेशनची (पापकबुलीची) परवानगी दिली म्हणजे सगळंच मान्य'. उलटं आहे बघा. २०१५ ला दयेच्या वर्षासाठी दिली, २०१६ ला पुढं चालू ठेवली, २०१७ ला लग्नांसाठीही सोय केली. कन्फेशन नि लग्न यांना नुसता फादर असून भागत नाही, चर्चनं दिलेला अधिकार लागतो, तो नसेल तर संस्कारच होत नाही. तो अधिकार त्यांच्याकडं नव्हता म्हणून पोपना वेगळा द्यावा लागला. लग्नात तर असं ठरलंय, की शक्यतो डायोसिसच्या (बिशपच्या हद्दीतल्या) फादरांनीच वधूवरांची संमती घ्यावी, ते जमत नसेल तरच सोसायटीच्या फादरना अधिकार द्यावा. सगळंच मान्य असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

मिस्साचं गणित वेगळं. लायसन्स जप्त झालेला ड्रायव्हर गाडी पंढरपूरला पोचवतो की, पण म्हणून त्याला गाडी चालवायची परवानगी आहे असं होत नाही. तसं त्यांची मिस्सा खरी मिस्सा असते, ख्रिस्तप्रसाद खरा असतो, हे रोमनं कधी नाकारलं नाही. परवानगीचा प्रश्न वेगळा.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबू, कारण मेसेजचा सगळा जोर त्यावर आहे. जानेवारी २००३ मध्ये रोमच्या एक्लेसिया देई कमिशनच्या, म्हणजे जुन्या मिस्साच्या ग्रुपांचं बघणाऱ्या खात्याच्या, मॉन्सिन्योर पर्ल यांनी कुणा एकाच्या प्रश्नांना उत्तर दिलं होतं. त्यात आहे की काटेकोर बघितलं तर सोसायटीच्या फादरच्या मिस्सानं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, आणि भक्तीपोटी, १९६२ च्या मिस्सलची (मिस्साच्या पुस्तकातली) मिस्सा हवी म्हणून गेलात तर पाप नाही. हे मेसेजमध्ये आहे. मेसेजमध्ये नाही ते असं, की पोप आणि त्यांच्याबरोबरच्यांपासून आपण वेगळे आहोत हे दाखवायला गेलात तर ते पाप, आणि एवढं सांगून वर, अशा मिस्साला जा अशी शिफारस आम्ही करू शकत नाही. कलेक्शनमध्ये थोडंफार टाकलं तर चालेल असंही त्यात आहे, इतकं बारीक विचारणारा माणूस होता तो. मग या पत्राचा अर्थ 'बिनधास्त जा' कसा काय निघाला? 'पाप होईलच असं नाही' एवढाच निघतो.

आणि तेवढा मात्र निघतो, हे दुसऱ्या बाजूच्यांनीही ऐकावं. मेसेज आला की लगेच खाली कोणीतरी टाकतंय 'तिथं पाय ठेवला की बहिष्कृत'. हेही चुकीचं. होनोलुलूच्या बिशपनी १९९१ ला सोसायटीशी संबंध ठेवणाऱ्या सहा जणांना बहिष्कृत ठरवलं होतं, ते प्रकरण रोमला गेलं आणि १९९३ ला कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांच्या खात्यानं तो आदेश रद्द केला. १९९६ च्या रोमच्या खुलाशातही आहे की फूट मनापासून स्वीकारली नसेल तर कधीमधी तिथल्या उपासनेला जाणं म्हणजे फुटीला सामील होणं नव्हे. आपल्याकडच्या रेल्वेतल्या तमिळ घरांपैकी कुणी गावी जाऊन तमिळनाडूतल्या पालयमकोट्टैला सोसायटीच्या प्रायरीत (मठात) एखादी मिस्सा बघून आलं, तर त्या माणसाला वाळीत टाकायची काही गरज नाही.

चौथा, '१५७० ला पोप पायस पाचवे यांनी ही मिस्सा कायमची ठरवली, कोणताही पोप बदलू शकत नाही'. मग १६०४ ला बदल झाला, १६३४ ला झाला, १९५५ ला पवित्र आठवड्याची सगळी उपासना बदलली, १९६२ ला पोप तेविसाव्या जॉननी मिस्साच्या मधल्या मुख्य प्रार्थनेत संत योसेफांचं नाव घातलं. सोसायटी वापरते ते मिस्सल १९६२ चंच आहे. यावर जास्त लिहीत नाही.

पाचवा सगळ्यात वाईट. 'नवी मिस्सा घातक, घरी बसा.' नव्या मिस्सापासून लांब राहा हे सोसायटीचं स्वतःचं मत आहे, ते असू दे त्यांचं, पण रोमनी कुठं असं म्हटलंय? खुद्द लफेव्रनी ५ मे १९८८ ला रोमशी केलेल्या करारावर सही केली त्यात नवी मिस्सा व्हॅलिड आहे हे मान्य केलेलं होतं, दुसऱ्या दिवशी करारातून माघार घेतली ते वेगळं. आणि कॅनन १२४७ (चर्चच्या कायद्याचं कलम) प्रमाणं रविवारी मिस्सा बंधनकारक आहे. घरी प्रार्थनेची सोय १२४८ मध्ये आहे ती फादरच नसतील किंवा तसंच गंभीर कारण असेल तेव्हाची, म्हणजे आपल्या खेड्यापाड्यात फादर महिन्यातनं एखाद्या रविवारी पोचतात त्यांच्यासाठी. रिक्षानं दहा मिनिटांवर चर्च असणाऱ्यासाठी नाही! आता सोलापुरात जुनी मिस्सा कुठून मिळणार, म्हणजे मेसेज पाळायचा म्हटला तर हातात उरतं काय, घरी बसणं. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मावशी विचारत होत्या, "मग मी इतकी वर्षं प्रसाद घेतला तो खोटा का रे?" नाही मावशी, खरा होता. ज्यानं हे फॉरवर्ड केलं त्यानं मावशींना उत्तर द्यायला यायला पाहिजे होतं. इथं मुळात आपण मूठभर, बाहेरच्यांना आपण नि अमेरिकन मिशनवाले प्रोटेस्टंट सगळे एकच वाटतो, त्यात आपल्यातल्यांनीच एकमेकांना चर्चबाहेर काढायचं हे काय खूळ आहे कळत नाही.

सहावा, 'सगळे पारंपरिक ग्रुप एकच'. अजिबात नाही. फ्रॅटर्निटी ऑफ सेंट पीटर १९८८ लाच सोसायटीतून बाहेर पडलेल्या फादरांनी काढली, ती जुनीच मिस्सा करते आणि रोमच्या पूर्ण मान्यतेनं, तिथं जायला कुणाला काही विचारायची गरजच नाही. एसएसपीएक्स ना धड आत ना बाहेर, अधांतरी लटकलेली. आणि तिसरे सेडेव्हॅकंटिस्ट, जे म्हणतात आत्ता खरा पोपच नाही. त्यांच्यापासून लांबच राहायचं. ओळखायची खूण सोपी, त्या मधल्या मुख्य प्रार्थनेत पोपचं नाव घेतात का ते विचारा. एसएसपीएक्सवाले पोपचं आणि तिथल्या बिशपचंही घेतात, सेडेव्हॅकंटिस्ट पोपचं नाव गाळतात.

राहिली लॅटिनची आवड. २०२१ पासून जुनी मिस्सा बिशपच्या परवानगीनंच होते, आपण पुणे डायोसिसमध्ये येतो, तेव्हा अर्ज पुण्याला, आणि तिथून रोमलाही विचारावं लागू शकतं. त्याच्या आधी सोपी गोष्ट करून बघा, नवी मिस्साही लॅटिनमध्ये करता येते, रविवारची ठरलेली मराठी मिस्सा सोडून वेगळी वेळ काढायला फादरांना विचारा. फक्त चारपाच जणांनी 'एत कुम स्पिरितु तुओ' (लोकांनी द्यायचं लॅटिन उत्तर) पाठ करून या, नाहीतर फादर एकटेच म्हणणार आणि एकटेच उत्तर देणार.