पाठांतर नको, मात्रा लिहितो तिकडेच ओढा

स्क्रीनवरच्या मराठी कीबोर्डवर मात्रा वेगळी टॅप न करता फटकाऱ्याने, म्हणजे अक्षराच्या बटणावरून स्टायलस (स्क्रीनवर टेकवायची लेखणी) ओढून लिहावी, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्टायलसने एकेक बटण टॅप करून लिहिणं छान चाललंय. त्यात फटकारे घुसवले तर आठ दिशा पाठ करायच्या, चुका वाढणार, आणि शब्द सुचवणारी पट्टी असताना हा खटाटोप कशाला?

आधी पाठांतराचं. लेखात मी हे नीट मांडलं नाही, चूक माझी. अक्षराच्या बटणावर स्टायलस टेकवायचा आणि न उचलता, मात्रा जिथे लिहितो तिकडे ओढायचा. काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, एक मात्रा वर, पहिला उकार खाली. हे हाताला बाराखडी गिरवल्यापासून ठाऊक आहे. चार तिरप्या दिशा दुसरी वेलांटी, दुसरा उकार, ओकार आणि पाय मोडणं यांना दिल्यात. त्या शिकाव्या लागतात, आणि तिरपा फटकारा सरळपेक्षा जास्त चुकतो, हे कबूल. पण विसरलात तरी मात्रेचं बटण जागेवर आहेच. टॅप करा, पुढे चला. संशोधक पोइका इसोकोस्की यांनी २००४ मध्ये स्क्रीनवरच्या कीबोर्डला स्वरांचा मेन्यू जोडून पाहिला (बटणावरून ओढलं की स्वर उमटायचा), त्याचं मर्म हेच: जुनी सवय मोडावी लागत नाही.

'विद्यार्थी' लिहून बघा. व, वेलांटी, द, पाय मोडा, य, काना, र, पुन्हा पाय मोडा, थ, वेलांटी: दहा टॅप. ओढत लिहिलं तर पाचदाच स्टायलस टेकतो. शिवाय प्रत्येक टॅपला नेम धरावा लागतो. बटण जितकं दूर आणि लहान, तितका वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच सूत्रात मांडलं. फटकाऱ्याला नेम लागत नाही, दिशा पुरते.

पट्टी मीही वापरतो, लांब शब्दांना. पण 'पाणी' दोन फटकाऱ्यांत होतं. तेवढ्यात पट्टीकडे नजर नेऊन वाचायचं, निवडायचं, परत यायचं, हे जमत नाही.

चुकांचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे. टॅप करताना टोक जरा घसरलं की 'मन'चं 'मना' व्हायचं, मी फार वैतागलो होतो. आता अर्ध्या बटणापेक्षा आखूड फटकारा मी टॅपच धरतो. शिवाय स्टायलस उचलण्याआधी येणारी मात्रा टोकाशी फिकट दिसते. नको असेल तर टोक बटणावर परत आणायचं, मात्रा जाते.