‘अडाणी पेशंट’वाल्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. दोन आमच्या केमिस्ट मंडळींचे, एक शाळेतल्या मित्रांचा, एक भाऊबंदांचा, एक गल्लीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘खेड्यातल्या पेशंटचा आजार हटत नाही, कारण पेशंट अडाणी. डॉक्टर सांगून सांगून थकतात, हे ऐकत नाहीत. समजलं का विचारलं की मान डोलवतात आणि घरी जाऊन उलटंच करतात. शिकलेल्याला एकदा सांगितलं की पुरतं. गावोगाव मराठीत पत्रकं वाटा, पोस्टर लावा. तरी ज्याला कळणार नाही, त्याच्यापुढे हात टेकलेले बरे.’

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात बावीस वर्षं मी मेडिकल चालवतो. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून उतरलेली पावरा, भिल्ल आदिवासी मंडळी आणि खालच्या गावांतले शेतकरी एकाच काउंटरला टेकून उभे असतात. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत. त्यांच्याशी भांडायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी काउंटरवर खोटं ठरताना पाहिलं आहे.

आधी ते शिकलेल्या माणसाचं घेऊ.

माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. इन्सुलिन सुरू होऊन तीन महिने झाले तरी त्यांची साखर खाली येईना. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. एकदा सिरिंज संपल्या म्हणून आले आणि म्हणाले, “केशरी टोपणाच्या द्या.” मी विचारलं, “सर, बाटली कोणती वापरता?” पिशवीतून निघाली ती ४० ची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची असते १०० च्या इन्सुलिनसाठी. केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं, तर अंगात २० नव्हे, ८ युनिट जातात. हेच उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने घेतलं असतं, तर डोस अडीचपट झाला असता आणि सर झोपेतच बेशुद्ध पडले असते. सरांनी आयुष्यभर गणित शिकवलं. बाटलीवरचा आकडा त्यांनी वाचला होता, सिरिंजवरचाही वाचला होता. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध असतो, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पहिल्या महिन्याच्या सिरिंज माझ्याच दुकानातून गेल्या होत्या.

या विषयाला आरोग्य साक्षरता म्हणतात, आणि ती शाळेतल्या साक्षरतेपेक्षा वेगळी आहे. तब्येतीबद्दलची माहिती मिळवणं, ती समजणं आणि तिच्या आधारे घरी बरोबर वागणं, हे सगळं तिच्यात येतं. अमेरिकेत २००३ मध्ये प्रौढांची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तिथे शाळा सक्तीची, दवाखाने चकाचक. तरी या बाबतीत पूर्ण तरबेज निघाले फक्त १२ टक्के. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्याच तीन दवाखान्यांत ३९५ पेशंटना औषधाच्या बाटल्यांवरच्या पाच सूचना दाखवून अर्थ विचारला. ज्यांना वाचायला चांगलं येत होतं, त्यांच्यातल्याही ३८ टक्के लोकांचा निदान एका सूचनेचा अर्थ चुकला. हे आपल्या खेड्यातले लोक नव्हते.

कमी शिकलेला जास्त अडचणीत येतो, हे मला मान्य आहे. त्याच अभ्यासात तेही दिसलं. पण चूक शिक्षणापाशी थांबत नाही, म्हणून ‘शिकलेल्याला एकदा सांगितलं की पुरतं’ हे वाक्य धोक्याचं आहे. त्या वाक्यामुळेच सरांना कोणी काही विचारलं नाही.

‘डॉक्टर सांगून थकतात’ हे खरं आहे. ओपीडीत शंभर माणसं बसलेली असतात, डॉक्टर एकच. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तपासणीच्या वेळेचे आकडे एकत्र प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये पेशंटमागे साडेबावीस मिनिटं, आपल्याकडे साधारण दोन. दोन मिनिटांत सांगितलेलं कितीसं टिकणार? स्मरणावरच्या २००३ च्या एका आढाव्यानुसार दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं आठवतं. घाबरलेला असेल तर आणखीच. पोराला ताप चढलेला असताना कोणत्या आईचं लक्ष सूचनांकडे असतं? याला ‘ऐकत नाहीत’ म्हणू नये.

आता ‘घरी जाऊन उलटंच करतात’. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस बघा. पहाटे कोरा चहा. अकराला बांधावर भाकरी. रात्री घरी जेवण. तिच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, जेवणानंतर तीन वेळा. ती गोळी दोनदा घेते, कारण ती दोनदाच जेवते. तिने सूचना शब्दशः पाळली. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, रात्री जेवण हा दिवस ज्याने गृहीत धरला, चूक त्याची.

मेसेजमधल्या एका वाक्यापाशी मात्र मला थांबायचं आहे. ‘समजलं का विचारलं की मान डोलवतात.’

डोलवणारच. मागे रांग आहे, समोर शिकलेला माणूस आहे, आणि प्रश्न असा आहे की ‘नाही’ म्हटलं तर आपणच अडाणी ठरतो. आपल्याकडची म्हातारी अशा वेळी ‘हाव भाऊ’, म्हणजे ‘हो भाऊ’, म्हणणार. मी बावीसपैकी पहिली बारा वर्षं हाच प्रश्न विचारत होतो आणि ‘हाव’ ऐकून पैसे घेत होतो. आता विचारत नाही. आता गोळ्यांची पट्टी तिच्या हातात देतो आणि म्हणतो, “माय, मी नीट सांगितलं का नाही ते पाहू दे. ह्या गोया कश्या लेशी?” परीक्षा माझी आहे, तिची नाही, हे आधी सांगावं लागतं. मग ती बोलते. “सकायले एक, सांजले एक.” एवढ्यावरही सोडत नाही. दिवसभराच्या गोळ्या मोजून काउंटरवर ठेवायला सांगतो.

तोंडाने सांगणं आणि हाताने दाखवणं यांत अंतर असतं. २००६ च्या त्याच अभ्यासात ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना होती. वाचन कच्चं असलेल्या पेशंटपैकी ७१ टक्क्यांनी ती बरोबर सांगितली. दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर चार गोळ्या बाजूला काढणारे निघाले फक्त ३५ टक्के. नुसतं बोलणं ऐकून सोडलं असतं तर बरोबर सांगणाऱ्यांतलेही निम्मे चुकीचा डोस घेऊन घरी गेले असते, आणि आपण म्हणालो असतो, सांगितलं होतं की!

मधल्या काळात मी फार हुशारीने पट्टीवर पेनने सूर्य आणि चंद्र काढायचो. एका पावरा आजोबांची बीपीची गोळी दोन वेळा होती. महिन्याने आले तर पट्टीत गोळ्या उरलेल्या, आणि काही अर्ध्या तुटलेल्या. सकाळी ते पूर्ण गोळी घेत होते, रात्री अर्धी. मी चंद्राची कोर काढली होती. कोर म्हणजे अर्धी, हा त्यांनी लावलेला अर्थ माझ्या चित्रातूनच निघत होता. चित्र समजतं की नाही हेसुद्धा विचारूनच पाहावं लागतं.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटबरोबरचं डॉक्टरांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं गेलं. नव्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टी पेशंटला कळल्या का, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. ज्यांच्याकडून परत वदवून घेतलं, त्यांची साखर जास्त ताब्यात होती. आणि अशा तपासणीला वेळही जास्त लागला नव्हता. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या माझ्या केमिस्ट मित्रांनी हे लक्षात घ्यावं. माझ्याकडे पेशंटमागे मिनिटभर जातं.

पत्रकांबद्दल फार लिहीत नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता साधारण ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर पत्रक कोणासाठी वाटायचं? आणि ‘मराठीत’ म्हणजे कोणत्या मराठीत? त्याच जनगणनेत अहिराणीसारखी खान्देशी गटातली भाषा सांगणारे अठरा लाखांच्या वर होते. डोंगरात भिली आणि पावरी. पत्रकावर लिहिलेलं असतं ‘अतिसार झाल्यास जलसंजीवनीचे सेवन करावे’. हे वाक्य मी आजवर कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही, पदवीधराच्याही नाही. पोराला संडास लागली, एवढंच लोक म्हणतात. पत्रक छापणाऱ्याने छापण्याआधी दहा आयांना वाचून दाखवलं असतं तर पहिल्या आईपाशीच त्याला हे कळलं असतं.

शेवटी ते हात टेकायचं. हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. फार शिकलेल्या नव्हत्या त्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, श्वास मोजले, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनही दिलं. ३९ गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते जगापुढे आलं. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्याची मुळं त्या कामात आहेत.

आणि बांगलादेश. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघरी फिरल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (जवळजवळ अर्धा लिटर) पाणी. बहुतेक आयांना अक्षरओळख नव्हती. आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्यात करून दाखवायचं. यातली पगाराची रीत मला फार मोलाची वाटते. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन त्यातल्या काही आयांना प्रश्न विचारायचा, पाणी करून घ्यायचा, आणि आईला किती आठवतंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. किती घरं फिरली यावर नव्हे.

हे कळल्यापासून मी ओआरएसचं, म्हणजे जुलाबावरच्या त्याच जलसंजीवनीचं, मोठं पाकीट देताना घरातलं भांडं विचारतो. पाकीट एक लिटरचं असतं आणि घरात असतो तांब्या, प्रत्येक घरी वेगळ्या मापाचा. म्हणून दुकानात एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. पाकिटाबरोबर एक बाटली फुकट. परवा आमच्याच तालुक्यातल्या वैजापूरकडच्या डोंगरातली एक पोरगी, वय असेल अठरा-एकोणीस, कडेवर लेकरू, बाटलीच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “इथपर्यंत पाणी, सगळं पाकीट एकदम, घोट-घोट पाजायचं.” मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो, तर तिने हाक मारली. “दादा, उद्या सकाळी उरलेलं पाजायचं का फेकायचं?” ते मी सांगायचं राहिलं होतं. फेकायचं, म्हटलं, चोवीस तासांनंतर नवीन करायचं.