नऊ ऑगस्टला पोरांना पानं गुंडाळणं थांबवा

ऑगस्ट उजाडला की आमच्याकडच्या शाळांत नऊ तारखेचे दोन कार्यक्रम ठरलेले असतात, क्रांतिदिनाचं भाषण आणि आदिवासी दिनाची वेशभूषा. भाषणात क्रांतिसिंह नाना पाटील येतात, प्रतिसरकार येतं, कुंडलची तुफान सेना येते. ते यायलाच हवं, सातारा-सांगलीची ती कमाई आहे. पण वेशभूषेत काय? पोरांच्या कमरेला आंब्याची पानं, डोक्यात पिसं, गालावर पांढरे पट्टे. नाचून झालं की फोटो ग्रुपवर. मला याचा मनापासून संताप येतो. ज्यांचा दिवस आहे, ती माणसं आज कपडे घालतात, शिकतात, नोकऱ्या करतात, कविता लिहितात. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम यांच्या कविता मराठीतच आहेत. पानं तोडण्यापेक्षा त्यातली एक कविता फळ्यावर लिहा ना.

"आपल्या भागात आदिवासी आहेतच कुठं, मग मुलांना कळणार कसं?" असं शिक्षक मित्र विचारतात. मी आटपाडी-जतच्या बाजूला मराठी शिकवते. माझ्या वर्गात मेंढपाळांची पोरं आहेत, रामोशांची आहेत, वडारांची आहेत. गावाबाहेरच्या माळावर कधी नंदीवाल्यांची पालं पडतात, कधी डोंबाऱ्यांची. सरकारी यादीत कोण कुठं बसतं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात मी इथं शिरत नाही. पण गावाच्या वेशीबाहेर आणि पुस्तकाच्याही बाहेर राहिलेले लोक आपल्याकडं शोधायला लागत नाहीत. ते आपल्या हजेरीपटावरच आहेत.

आणि हजेरीवरूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. वाटेगाव आपल्या वाळवा तालुक्यातलं. तिथल्या अण्णा भाऊ साठेंनी १९५९ साली 'फकिरा' कादंबरीत इंग्रजी अमलातला हजेरीचा जाच मांडला. तो भाग वाचण्याआधी मी फळ्यावर फक्त दोन सालं लिहिते, १८७१ आणि १९५२. पहिल्या साली गुन्हेगार जमाती कायदा आला. म्हणजे अमुक जातीत जन्मलास की तू गुन्हेगार, मग तू काही केलेलं असो वा नसो. पोलिसांपुढं जाऊन हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पोरं लगेच हिशेब करतात. "मॅडम, स्वातंत्र्य तर सत्तेचाळीसला मिळालं की!" त्या प्रश्नानंतर मला फार काही समजावून सांगावं लागत नाही. पोरं उतारा वेगळ्याच नजरेनं वाचायला लागतात.

हाच उतारा परीक्षेच्या कृतिपत्रिकेत आला की त्याचं काय होतं ते आपण सगळेच बघतो. आकृतिबंध पूर्ण करा, योग्य पर्याय निवडा, स्वमत आठ ओळींत लिहा. 'उपरा'चंही तेच. फलटण तालुक्यातल्या कैकाडी घरातले लक्ष्मण माने १९८० साली गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या आपल्या माणसांचं जगणं लिहितात, त्याला साहित्य अकादमी मिळतो, आणि आपण त्यावर विचारतो, लेखकाची भाषाशैली सांगा. गुण मिळतात, पण त्या पुस्तकानंतर पोरानं स्वतः काही लिहिलं पाहिजे, हे राहूनच जातं.

म्हणून मी लिहायला लावते. मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, पावसाळा संपला की नदीकाठाकडं, कुणी पार कोकणाकडं निघतात. मृगाच्या आसपास परत येतात. त्या पोरांची गैरहजेरी आपण लाल शाईनं भरतो. मी सांगितलं, वाडा ज्या वाटेनं जातो ती वाट लिहा. तळ कुठं पडतो, पाणी कुठं मिळतं, खतासाठी शेतात बकरी बसवली की शेतकरी काय देतो, धान्य की पैसे, कुठल्या गावात हाकलून देतात. एका मुलीनं आजीला विचारून वही भरून आणली. त्यात ओढ्यांची नावं होती, घाट होते, वाटेवरच्या माऊल्यांची ठाणी होती, आणि कोकरू पायाळू जन्मलं तर रात्री काय करायचं तेही होतं. आरेवाडीच्या बिरोबाची ओवी आजीनं सांगितली, तिची सुरुवातही तिनं लिहिली होती, 'सुंबरान मांडलं'. भूगोलाच्या पुस्तकात यातलं काही नाही. मी त्या वहीवर लाल पेन चालवला नाही. 'व्हतं' हे 'व्हतं'च राहिलं. प्रमाणभाषा मी शिकवतेच, व्याकरणाच्या तासाला नीट शिकवते. पण आजीचं बोलणं दुरुस्त करायला आपण कोण?

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. "तू त्यांच्यातला ना, उभा राहा आणि सांग," असं कधीही करू नका. पारध्याच्या पोराला भर वर्गात उभं करून त्याच्या जातीचं विचारणं म्हणजे पुन्हा तीच हजेरी झाली. लिहायचं सगळ्यांनी. पाटलाच्या पोरानंही लिहावं, की आपल्या वावरात वाडा बसायचा तेव्हा आजोबा त्यांच्याशी कसं वागायचे. आणि घरच्यांनी एखादी ओवी, एखादी गोष्ट लिहू नको म्हटलं, तर ती लिहायची नाही. देवाचं काही जागरातच म्हणायचं असतं. ती त्यांची ठेव आहे, आपल्या प्रकल्पाचं साहित्य नाही.

लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो पालकांना लगेच पटतो. विमुक्त, म्हणजे त्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या, आणि भटक्या जमातींना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचा आजा शाळेतच गेला नाही, ज्याच्या नावावर घर नव्हतं, त्यानं तो आणायचा कुठून? पोराची वही म्हणजे काही सरकारी पुरावा नव्हे. पण आजा कुठल्या गावी जन्मला, चुलता कुठल्या शाळेत चार महिने बसला, हे तिच्यात असलं तर निदान कुठल्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडायचं ते तरी कळतं.

यंदा आमच्याकडं नऊ तारखेला वेशभूषा नाही. त्या दिवशी कविता वाचायच्या आणि एकतीसला, विमुक्त दिनी, पोरांनी आपापलं लिहिलेलं वाचायचं. ज्यांना मोठ्यानं वाचायचं नाही त्यांनी वाचू नये. घरच्यांची हरकत नसेल त्या वह्या बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवायच्या, इतर पुस्तकांसारखा दाखल क्रमांक टाकून. लेखक म्हणून पोराचं नाव, आणि त्याच्या वर, ज्यानं सांगितलं त्या आजीचं किंवा आज्याचं.