अंगठा फक्त मावशींचाच का?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा दादाशी माझं वाजलं. तो घोडबंदर रोडला राहतो, मी लंडनला. त्याचं म्हणणं, फुकट रेशनने लोक आळशी झालेत, कामाला माणूस मिळत नाही. तोच पैसा कंपन्यांना सवलतीत द्या, त्या नफा कमावतील आणि नोकऱ्या देतील.

रेशन म्हणजे माणशी महिन्याला 5 किलो धान्य. दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास. डाळ, तेल, गॅस, खोलीभाडं सगळं वेगळंच. एवढ्यावर घरी कोण बसून राहील?

मागच्या जानेवारीत ठाण्याला आले तेव्हा आईकडे काम करणाऱ्या मावशींबरोबर मी किसन नगरच्या रेशन दुकानात गेले होते. पाच घरची भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. मशीनवर अंगठा उठेना. पदराला पुसून लावला, तरी नाही. दुसरं बोट, तेही नाही. मागे कुरकुर सुरू झाली तशा मावशी वळून वळून सांगू लागल्या, "झालं हां, झालंच." चौथ्या खेपेला पावती निघाली. तोवर दोन घरची कामं बुडाली होती. बरं, या रांगेपर्यंत पोचणंही सोपं नाही. अन्न सुरक्षा कायदा लागू करताना राज्याने शहरातल्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली 59 हजार. म्हणजे महिन्याला 5 हजारसुद्धा नाहीत.

कंपन्यांच्या नफ्यावर माझा राग नाही. बाबांचा वागळे इस्टेटमधला पगार त्यातूनच यायचा. पण सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने कंपनी कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला, तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सरकारनेच सांगितलं होतं. कंपन्यांना अट एवढीच, की इतर करसवलती सोडा. किती माणसं कामावर घेतली ते दाखवा, असं कुणी म्हटलं नाही.

इथे लंडनमध्ये 2023 च्या सप्टेंबरपासून सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण मोफत आहे. आम्ही दोघं चांगलं कमावतो, तरी माझी लेक ते जेवते. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही, आळशी तर कुणीच म्हटलं नाही. 2022 मध्ये तेल-वायू कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर 25 टक्के जादा कर बसला. त्या हिवाळ्यात घरटी विजेच्या बिलात 400 पौंडांची सूट मिळाली, आम्हालाही. इथेही सगळं आलबेल नाही. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये फूड बँकेच्या रांगेत कामाचे कपडे घातलेली माणसं उभी असतात, ते बघवत नाही.

दादा, तुला आठवतं ना? पामोलिन, साखर, रॉकेल, सगळ्याला आपणच रांगेत उभे असायचो. तांदळात खडे निघाले की आई पिशवी घेऊन परत जायची आणि दुकानदाराशी भांडून बदलून आणायची. तेव्हा रेशन सगळ्यांचं होतं. 1997 मध्ये केंद्राने गरीब आणि बाकीचे अशी फोड केली. हळूहळू आपण रांगेतून बाहेर पडलो, आणि ती रांग "त्यांची" झाली. खराब तांदूळ आला तर मावशी भांडत नाहीत. पुढच्या महिन्यात मिळणार नाही याची त्यांना भीती वाटते.

पुढच्या खेपेला मावशींबरोबर तू जा. पिशवी जड होते, त्यांचा खांदा दुखतो.