चौदाशे वर्षं नाहीत, शनिवार-रविवार आहे

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं ठरवलंत, अभिनंदन. याच गडावर चांगदेवांनी तप केलं. त्यांच्या हाताशी म्हणे चौदाशे वर्षं होती. तुमच्या हाताशी शनिवार-रविवार आहे, त्यातही रविवारी संध्याकाळी सातला मेव्हण्याच्या मुलाचा वाढदिवस. तेव्हा नियोजन चोख हवं.

सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपपासून. ग्रुपच्या नावावर तीन दिवस घालवा, त्यात सह्याद्री, वेडे आणि भटके यांपैकी दोन शब्द आले पाहिजेत. बावीस जण ‘येतोच’ म्हणतील, सात निघतील, आणि त्या सातांतल्या दोघांना कोणीच ओळखत नसेल. डोंगराबद्दल ग्रुपवर शक्यतो बोलू नये. चिकन की पनीर, स्पीकर कोणाचा आणि गाडीत पुढे कोण बसणार, एवढ्यात महिना सहज निघतो. कोणी नकाशा टाकलाच, तर अंगठा दाखवून मोकळं व्हायचं.

वाट निवडताना पाचनईचं नाव काढू नका. ती वाट सोपी, दोन-तीन तासांत माणूस देवळापाशी पोचतो, आणि सोपं म्हटलं की ग्रुपमधला तो एक जण हसतो. हा हिमालयात जाऊन आलेला असतो. (मनालीला, हनिमूनसाठी.) तो नळीच्या वाटेचा व्हिडिओ टाकेल. पायथ्याच्या बेलपाड्यातून कोकणकड्याला, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याला, बिलगून वर येणारी ही दगडधोंड्यांची घळ, तिथे दोर लागतो, वाटाड्या लागतो, मुख्य म्हणजे सवय लागते. व्हिडिओत ती अकरा मिनिटांत संपते. शेवटी तडजोड म्हणून खिरेश्वर-टोलारखिंड ठरतं. नेहमी तेच ठरतं.

निघायची वेळ पहाटे पाचची ठेवा, म्हणजे साडेआठला गाडी सुटेल. वाटेत मिसळ, माळशेजमध्ये माकडांसोबत फोटो, आणि पिंपळगाव जोगा धरणाची भिंत ऐन दुपारच्या उन्हात. खिंडीपर्यंत दम लागतो. खिंडीनंतर कातळ, तिथे रेलिंग लावलंय, ते सेल्फीसाठी सोयीचं आहे. खरी गंमत त्याच्या पुढे. एकामागून एक टेकड्या, सगळ्या एकसारख्या, आणि धुकं उतरलं की आपण तिसऱ्या टेकडीवर आहोत की पुन्हा पहिलीवर, हे सांगता येत नाही. या पट्ट्यात भली भली माणसं चुकली आहेत, म्हणून जाणती मंडळी तो दिवसाउजेडी पार करतात. तुम्ही डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला तिथे पोचाल, असं बसवा. उजेडाला मोबाईलचा टॉर्च आहेच. बॅटरी अकरा टक्के असली तरी हरकत नाही, उरलेली गाण्यांना लागते.

घरी काय सांगायचं? इथे मात्र चांगदेवांचाच कित्ता गिरवावा. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं होतं, तुम्हीही घरच्यांना कोरंच ठेवा. कुठल्या गावातून चढणार, कुठे झोपणार, कधी उतरणार, काही लिहून ठेवू नका. रविवारी रात्री शोधाशोध सुरू झाली की गावातली पोरं आणि आपली रजा मोडून आलेले रेस्क्यूवाले मिळून ठरवतील, डोंगराची कुठली बाजू आधी धुंडाळायची ते. त्यांनाही काही काम हवं.

सॅक भरताना एक साधा नियम पाळा. घरी जे लागत नाही, ते गडावर लागतं. तीन पॉवर बँक, घडीची खुर्ची, बार्बेक्यूच्या सळया आणि उकडलेली अंडी हे सगळं घेतल्यावर पाण्याला जागा उरत नाही, ते बरंच, पाणी जड असतं. वर टाकी आहेतच. ती किती भरलेली असतील हा प्रश्न तुमचा नाही, आणि पोचल्यावर त्यातच हातपाय आणि तेलकट भांडी धुवायची, कारण तुमच्यानंतर कोणाला पिण्याचं पाणी लागेल असं वाटत नाही. बूट नवे कोरे घ्या. चावतील, पण फोटोत चांगले दिसतात. पॅंट जीन्सचीच. घामाने भिजली की रात्रीच्या वाऱ्यात ती जी गार पडते, तो अनुभव दुसऱ्या कुठल्या कापडात नाही.

तंबू दोन सेकंदांत उघडणारा घ्या. उघडतो खरंच दोन सेकंदांत. मिटायला मात्र पाऊण तास आणि एक तिऱ्हाईत माणूस लागतो. लावायचा तो अर्थातच कोकणकड्याच्या कडेला. तुमच्या आधी आलेले लोक आत, झुडपांच्या आडोशाला का गेले असावेत, याचा विचार करत बसू नका, ते वयस्कर असतील. रात्री दोनला कापड फडफडायला लागलं आणि एक कोपरा तुमच्या तोंडावर आला की कळेल. तोपर्यंत खुंट्या घरीच राहिल्याचंही कळलेलं असेल.

शेकोटी तर हवीच. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, जंगलात आग पेटवायला मनाई आहे, असं कोणीतरी पुटपुटेल. हा माणूस पुढच्या वेळी बोलवू नका. ओली लाकडं आणून भरपूर धूर करा, त्यावर अंगभर डिओ मारा. धूर आणि उग्र वास या दोन्हींनी कड्यावरच्या आग्या माश्या चवताळतात, आणि मग सात जणांचा ग्रुप पहिल्यांदाच एका दिशेने, एका वेगाने चालायला लागतो.

जेवणाचं सामान तुम्ही आणलेलंच आहे, पण ते कोणाच्या सॅकमध्ये आहे हे सापडणार नाही, आणि सापडेल तेव्हा अंडी खुर्चीखाली गेलेली असतील. मग देवळाजवळच्या एखाद्या छपरात जायचं. तिथे चुलीवर पिठलं असतं, भाकरी असते, ठेचा असतो. बसल्या बसल्या ‘मामा, जरा कमी करा की’ म्हणायला विसरू नका. पीठ, तेल, गॅस, सगळं पाठीवर घेऊन मामा रोज चढतात हे खरं, पण तुम्हीही एक खुर्ची आणलीच आहे की. घासाघीस करून वीस रुपये वाचवा. मग खाली उतरल्यावर हायवेवरच्या हॉटेलात कॉफीचे देऊन टाका.

केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी आहे, आणि वर चार खांबांपैकी एकच उभा. तो पडला की कलियुग संपणार म्हणतात. तेव्हा नाव कोरायचं असेल तर आत्ताच.

सकाळी मात्र इंद्रवज्र बघायचंच. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजाला याच गडावर ते दिसलं, गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये स्वतःची सावली. आता साहेबाला दिसलं म्हणजे तुम्हाला दिसायलाच पाहिजे, तुम्ही तर ऑनलाइन पैसे भरून आला आहात. त्यासाठी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या या कड्यावर सकाळची वेळ, आणि दरी ढगांनी भरलेली हवी, म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे. तुम्ही डिसेंबरात आला आहात, आणि रात्रभर तंबू धरून बसल्यामुळे साडेनऊला उठला आहात. काही बिघडत नाही. मामांनाच विचारा, ‘इंद्रवज्र किती वाजता असतं?’ ते काही न बोलता चहा पुढे करतील. (मी विचारलं होतं. चहा चांगला होता.)

निघण्यापूर्वी कड्यावर एकदा पालथं पडून खाली डोकवा. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणून कोकणातला वारा त्याला धडकून सरळ वर उसळतो. पोटाखालचा दगड गार असतो, आणि क्षणभर ग्रुपमधलं कोणीच बोलत नाही. ही शांतता फार लांबू देऊ नका. खिशातलं वेफर्सचं रिकामं पाकीट काढा आणि दरीत भिरकावा. ते थोडं खाली जाईल, गिरकी घेईल, आणि वाऱ्याबरोबर वर येऊन तुमच्याच तोंडावर बसेल. पुन्हा फेका. या डोंगराला एकदा सांगून कळत नाही.