‘हजारो उंदीर हाताळले, काही झालं नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण दोन ठिकाणी मला माझंच लिखाण पुन्हा तपासावं लागलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे वाचक वीस वर्षं उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचं काम करतात. उंदरांच्या पोटातल्या परजीवींवरचा माझा लेख त्यांना उगाच घाबरवणारा वाटला. त्यांचं म्हणणं असं: लेखातल्या फोटोत यकृतावर ज्या गाठी दिसतात त्या माणसाला काहीच करत नाहीत. उंदरांपासून खरा धोका लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा आहे. आजवर हजारो उंदीर उचलूनही त्यांना कधी जंत झाले नाहीत, आणि लोकांना एवढीच भीती वाटत असेल तर त्यांनी सरळ मांजर पाळावं. शेवटी त्यांनी एक प्रश्नही विचारला आहे, त्याच्याकडे शेवटीच येते.

फोटोपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. त्या वाटाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी म्हणजे टीनिया टीनीफॉर्मिस या मांजराच्या पट्टकृमीची अळी-अवस्था. सुईच्या टोकाने गाठीचं आवरण फाडलं की आत गुंडाळी करून बसलेला, वळ्यावळ्यांचा पांढरा जंत बाहेर येतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास दचकतो. पण त्या अळीचा पुढचा मुक्काम मांजराच्या आतड्यात असतो, आपल्या नाही. हा फोटो ‘माणसाला धोका’ या उपशीर्षकाखाली लावायला नको होता. आता तो हलवला आहे आणि खाली कशाचा आहे तेही लिहिलं आहे.

उंदराच्या यकृतात आणखी एक गोष्ट सापडते, आणि ती गाठींइतकी ठळक नसते. पृष्ठभागावर पिवळसर पांढरे, वेडेवाकडे ओरखडे असतात, कुणी नखाने खरवडल्यासारखे. तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दोन काचपट्ट्यांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पिंपाच्या आकाराची अंडी दिसतात, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी. ही कॅपिलारिया हेपाटिका. बहुतेक जंतांची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, हिची मात्र यकृतातच अडकून राहतात. उंदीर मरून कुजला किंवा त्याला दुसऱ्या प्राण्याने खाल्लं तरच ती सुटतात, आणि त्यानंतरही ओलसर मातीत काही आठवडे गेल्याशिवाय ती लागण करण्याजोगी होत नाहीत. म्हणजे ताजा मेलेला उंदीर तुम्ही उचललात तर हिच्यापासून तुम्हाला काही होत नाही. तोच उंदीर कोपऱ्यात फेकला आणि पुढे कधी त्या मातीत खेळून एखाद्या मुलाने हात तोंडात घातले, तर त्या मुलाला होऊ शकतं. जगभरात या आजाराचे यकृताचे म्हणून नोंदलेले रुग्ण शंभराच्याही आत आहेत, तेव्हा याने कुणी झोप उडवून घेऊ नये. पण मेलेल्या उंदराचं पुढे काय करायचं हा तुमच्या कामातला रोजचा प्रश्न आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं. खोल पुरा किंवा पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या रीतसर व्यवस्थेत द्या. उघड्यावर टाकू नका.

लेप्टोबद्दल तुमच्याशी माझा वादच नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना लेप्टोस्पायरोसिस होतो आणि ५९,००० च्या आसपास माणसं दगावतात. उंदराच्या पोटातल्या कुठल्याच जंताचा आकडा त्याच्या आसपास फिरकत नाही. ही तुलना माझ्या लेखात यायला हवी होती.

आता तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा. हजारो उंदीर हाताळूनही जंत झाले नाहीत हे मला पूर्ण पटतं. ते का झाले नाहीत हे कळलं की बाकीचा विषय आपोआप उलगडतो. उंदराच्या बहुतेक जंतांना उंदरातून थेट माणसात शिरताच येत नाही. मध्ये तिसरं कुणीतरी लागतं: भुंगेरा, पिसू, गोगलगाय, मांजर, नाहीतर काही दिवस मुरलेली माती. तुमचा हात उंदराला लागला, त्या तिसऱ्याला तुम्ही गिळलं नाहीत.

हायमेनोलेपिस डिमिन्युटाचं बघा. उंदराचं आतडं उभं चिरून मिठाच्या कोमट पाण्यात सोडलं की ओल्या नाडीसारखी पांढरी फीत हळूहळू सुटी होते. लांबी २० ते ६० सेंटिमीटर, म्हणजे बऱ्याचदा ज्याच्या पोटातून ती निघाली त्या उंदरापेक्षाही जास्त. तिची अंडी लेंड्यांतून पडतात. ते अंडं माणसाने गिळलं तरी काही होत नाही. पण धान्यातला तांबडा भुंगेरा त्या लेंड्या कुरतडतो, अंडं त्याच्या पोटात फुटतं आणि तिथे अळी तयार होते. असा भुंगेरा कच्च्या पिठातून, कोरड्या दाण्यांतून कुणाच्या तोंडात गेला की माणसाच्या आतड्यात तशीच फीत वाढते. लागण बहुतेक लहान मुलांना होते, कारण हाताला लागेल ते तोंडात घालणारी तीच. शिजलेल्या अन्नातून ती होत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यांवर माझा इतका भर असतो. तुम्ही सापळा लावून उंदीर काढलात, तरी लेंड्या खाल्लेले भुंगेरे पिठात मागे राहिलेले असतात.

याच ठिकाणी माझी दुसरी चूक झाली. याच कुळातल्या बुटक्या पट्टकृमीबद्दल, हायमेनोलेपिस नानाबद्दल, मी लिहिलं होतं की तो ‘उंदरांकडून माणसांत पसरतो’. हे वाक्य फार ढोबळ होतं. या जंताला मधल्या कीटकाशिवाय भागतं, तो माणसाकडून माणसाकडे अस्वच्छ हातांनी जातो आणि माणसांत सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी तोच आहे. पण उंदरांतला आणि माणसांतला नाना एकच का, यावर मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियात माणसांकडून मिळालेला नाना प्रयोगशाळेतल्या उंदरांत रुजवायचा प्रयत्न झाला आणि तो रुजला नाही, असं २००२ साली प्रसिद्ध झालं. घरातल्या मुलाला नाना झाला की आधी घरातल्या माणसांचे हात आणि संडास बघावेत, उंदरावर खापर नंतर फोडावं. लेखातलं वाक्य बदललं आहे.

उंदरांच्या जंतांवर लिहिताना हात आखडता का घ्यावा याचा मोठा धडा आमच्या विषयाच्या इतिहासात आहे. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि सोबत झुरळांमार्फत येणारा एक गोलकृमी दिसला. जंतामुळेच कर्करोग होतो असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९२६ सालचं नोबेल त्यांना मिळालं. पुढे तपासणीत तो निष्कर्ष टिकला नाही. त्या उंदरांच्या आहारात अ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि गाठींमागे तिचाच मोठा वाटा होता. तुमच्यासारखा वाचक हटकतो तेव्हा मला हे प्रकरण आठवतं आणि मी पुन्हा स्लाईडकडे वळते.

एका जंताबद्दल मात्र मी शब्द मागे घेणार नाही. तो उंदराच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत राहतो, नाव अँजिओस्ट्रॉन्गायलस कँटोनेन्सिस. फुफ्फुसाकडे जाणारी धमनी कात्रीने उघडली की आत दोन-तीन सेंटिमीटरचे केसासारखे जंत एकमेकांत गुंतलेले असतात. मादी नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते: रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळासारखी गुंडाळलेली पांढरी गर्भाशयनळी, म्हणजे लाल-पांढऱ्या सुतांचा पीळ घातलेला दोराच. अळ्या फुफ्फुसातून घशात येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते. गोगलगायीला उंदीर खातो, अळ्या आधी त्याच्या मेंदूत जातात, तिथे वाढतात आणि मग फुफ्फुसात उतरतात. उंदराला हा प्रवास सहसा निभावतो.

माणसाने ती गोगलगाय कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली, किंवा नखाएवढी बिनशंखाची गोगलगाय न धुतलेल्या पानावरून पोटात गेली, की अळ्या तोच रस्ता धरतात. मेंदूपर्यंत पोचतात, पण माणसाच्या शरीरात पुढची वाट त्यांना बहुधा सापडत नाही. तिथेच मरतात आणि त्यांच्याभोवती सूज येते. साधारण एक ते तीन आठवड्यांत असह्य डोकेदुखी सुरू होते, मान ताठ होते, कातडीवर विचित्र मुंग्या येतात, कधी एकाचे दोन दिसतात. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं तर त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भरमसाट सापडतात, आणि ही खूण कळली नाही तर निदान भलतीकडेच जातं. बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींना कायमचं अपंगत्व येतं, काही दगावतात. २००८ सालापर्यंत जगभरातून २,८०० च्या वर रुग्ण नोंदले गेले होते. लेप्टोपुढे हा आकडा किरकोळ आहे हे मला दिसतं. पण सालमोनेला किंवा लेप्टोचं नाव निदान डॉक्टरांच्या ओठांवर तरी असतं. या जंताचा विचारच कुणाच्या मनात आला नाही तर रुग्ण दिवसेंदिवस डोकं धरून पडून राहतो. ‘गेल्या महिन्यात गोगलगाय किंवा कच्चा पाला खाल्ला होता का’ हा एक प्रश्न विचारला जावा, यासाठी मी तो लेख लिहिला होता.

मांजराचं. मांजर उंदीर मारतं हे खरं, पण परजीवींची साखळी त्याने तुटते असं नाही. कॅपिलारियाची यकृतात कोंडलेली अंडी मांजराच्या विष्ठेतून मातीत मोकळी होतात. टोक्सोप्लाझ्माची तर अख्खी गाडी मांजरावर चालते. हा एकपेशीय परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना गुंडी नावाच्या एका कृंतक, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यातच सापडला. त्याचं लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळाच्या आतड्यात होतं. लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती कमी होते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. म्हणजे मांजराला आधी सापडतो तो बऱ्याचदा हाच उंदीर. पहिल्यांदा लागण झालेलं मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून कोट्यवधी बीजकोश टाकतं. ते बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात, म्हणून मांजराची विष्ठेची पेटी रोजच्या रोज साफ करायची, आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही. ब्लीचने हे बीजकोश मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. मांजर पाळणाऱ्यांनी मांजर सोडून द्यावं असं मी अजिबात सुचवत नाही. त्याला घरातच ठेवा, शिजवलेलं किंवा तयार खाद्य द्या. फक्त उंदरांवरचा उपाय म्हणून ते आणू नका.

आता तुमचा प्रश्न: कामावरच्या मुलांना दर सहा महिन्यांनी जंताची गोळी देता, ती पुरेशी नाही का? ती गोळी बहुधा अल्बेंडाझोलची असणार. नेहमीच्या गोलकृमींवर ती उत्तम आहे, पण हायमेनोलेपिसवर तिच्या एका गोळीचा भरवसा धरता येत नाही. तिथे प्राझिक्वांटेल लागतं आणि तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलं. टोक्सोप्लाझ्मावर जंतांच्या गोळीचा उपयोग नाही. मेंदूत शिरलेल्या अळ्यांसाठी तर आपल्या मनाने गोळी घेऊच नये. अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर आधी सूज उतरवणारी स्टिरॉइड्स देतात. कुणाचं पोट सारखं बिघडत असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा शौचतपासणी करून घ्या. अंडी रोज पडतातच असं नाही, त्यामुळे एका नमुन्यात काही दिसलं नाही म्हणजे जंत नाहीत असं होत नाही.

आणि हातमोजे घाला. जंतांसाठी कमी, लेप्टोसाठी जास्त. तुमचाच मुद्दा आहे. वाळलेल्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. ब्लीचचं पाणी मारून पाच मिनिटं थांबा आणि मग पुसून घ्या, कारण हंता विषाणू धुळीबरोबर श्वासातून आत जातो. तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी ओझरता उल्लेख आहे की तुमच्याकडची एक मुलगी गरोदर आहे आणि अजून सापळे रिकामे करायच्या कामावर आहे. तिला आजच त्या कामावरून काढून दुसरं काम द्या, आणि टोक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी हवी का हे तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.