'धप्पकन' का, 'अलगद' का नाही?

नमस्कार. इतक्या बारकाईने वाचून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आधी काटेसावरीच्या झाडावरच्या माझ्या त्या चार ओळी पुन्हा इथे ठेवतो:

पान नाही एक, तरी
गजबजली सावर;
धप्पकन एक फूल
आले माझ्या वाटेवर.

तुमचे आक्षेप असे: वसंतातल्या फुलावरच्या कवितेत ना रंग, ना सुगंध, 'धप्पकन' ओबडधोबड वाटतं, तिथे 'अलगद' हवं, आणि चालता चालता जुळवलेल्या ओळी घरी बसून घासल्याशिवाय लोकांपुढे ठेवू नयेत.

'अलगद' छंदात चपखल बसतं, ओळीची आठ अक्षरं पुरी होतात. पण काटेसावरीचं फूल अलगद पडतच नाही. पाच जाडजूड पाकळ्या आणि पुंकेसरांचा झुबका असा तो सगळा ऐवज एकदम खाली येतो, आणि आवाज होतो. टेबलाशी बसलो असतो तर कदाचित मीही 'अलगद' लिहिलं असतं, कारण कवितेतली फुलं तशीच पडतात. झाडाखाली उभं असताना ते लिहिणं शक्य नव्हतं. चालत कविता करण्याचं मला मोल वाटतं ते यासाठीच. शब्द खोटा पडला तर तो तिथल्या तिथे कळतो.

सुगंधाचंही तेच. सावरीला म्हणावा असा वास नसतो. तिच्याकडे दिवसभर पक्षी येतात ते रंग पाहून, मधासाठी. 'गजबजली' मध्ये ते सगळे आहेत. रंग मात्र मी मुद्दाम काढला. सुरुवातीला एक ओळ लाल रंगावर होती; पण सावर लाल असते हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि चार ओळींत एक ओळ फार महाग पडते.

म्हणजे घासणं झालंच, फक्त कागदाशिवाय. अष्टाक्षरीत, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या ओळींच्या या छंदात, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नसतं, अक्षरं मोजायची. पावलागणिक दोन अक्षरं धरली की चार पावलांत ओळ होते. ती पुन्हा पुन्हा पुटपुटत जायचं. जी ओळ वळणापर्यंत लक्षात राहत नाही, ती मी सोडून देतो. निवड करायची वेळ आली की मात्र थांबतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा 2014 चा एक अभ्यास आहे: चालताना कल्पना जास्त सुचतात, पण एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तर चालण्याचा तसा फायदा होत नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो.

दीर्घ कविता चालता चालता होत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ती डोक्यात मावत नाही, तिला बैठकच लागते. आणि या चार ओळींतही वाद घालण्याजोगी जागा आहे, ती दुसऱ्या ओळीत: बाकी तिन्ही ओळी चार-चार अक्षरांवर मोकळ्या होतात, इथे मात्र यती, म्हणजे ओळीतला थांबा, 'गजबजली'च्या पोटात पडते. फांदीवरची दाटी ऐकू यावी म्हणून मी ती तशीच ठेवली. तुम्हाला तिथे अडखळायला झालं का, हे जरूर कळवा. 'धप्पकन' मात्र राहू द्या.